हरलेल्या फौजेचे मास्तर : फील्ड मार्शल विल्यम स्लिम



स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिही’ असा निरोप आला, तेव्हा संपादक मंडळाच्या मनात शिवकाल किंवा स्वातंत्र्यलढा असावा. मी निवडलेला विषय जरा आडवाटेचा आहे : एका इंग्रज सेनापतीची कारकीर्द. तो आपल्या बाजूचा होता का, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. त्याकडे लेखात पुढे येणार आहे. निवडीचे कारण मात्र आधीच सांगतो. या माणसाच्या पहिल्या नोकऱ्यांपैकी एक होती प्राथमिक शिक्षकाची. आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून हरून आलेल्या फौजेला त्याने ज्या रीतीने पुन्हा उभे केले, ती रीत मला चांगल्या शिक्षकाची वाटते. शाळेच्या स्मरणिकेत त्याला दोन-चार पाने मिळायला हरकत नसावी.

विल्यम जोसेफ स्लिम यांचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार होता. तो बसला आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आले. तिथल्या किंग एडवर्ड्स स्कूलमध्ये विल्यम शिकले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टॉलकिनही त्याच शाळेचे माजी विद्यार्थी. शाळा संपली, पण पुढे विद्यापीठात शिकण्याइतके पैसे घरात नव्हते. मग स्लिम यांनी गरीब वस्तीतल्या मुलांच्या शाळेत काही काळ शिकवले आणि नंतर लोखंडी नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत कारकुनी धरली. सैन्यात अधिकारी व्हायची हौस होती, पण त्या काळी इंग्लंडमध्ये अधिकाऱ्याची ऐट सांभाळायला पगाराशिवाय घरचे उत्पन्न लागे. तेव्हा विद्यापीठाचे विद्यार्थी नसतानाही १९१२ मध्ये ते बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या लष्करी प्रशिक्षण तुकडीत दाखल झाले. म्हणजे आपल्याकडच्या एनसीसीसारखा प्रकार.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले, अधिकाऱ्यांची एकदम निकड भासू लागली आणि कारकून स्लिम सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या लढाईत त्यांना जबर गोळी लागली. त्याच लढाईत त्यांनी गुरखा पलटणीला लढताना जवळून पाहिले होते. त्यानंतर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ते पुन्हा जखमी झाले. तिथे त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला आणि उपचारांसाठी त्यांची रवानगी हिंदुस्थानात झाली. इथे पगारात भागत होते आणि गुरख्यांबद्दल मनात ओढ होतीच. त्यांनी भारतीय सैन्यात बदली मागून घेतली आणि १९२० मध्ये ते ६ गुरखा रायफल्समध्ये रुजू झाले. गुरखाली आणि हिंदुस्थानी भाषा ते इतक्या सफाईने शिकले, की पुढे सेनापती झाल्यावरही जवानांशी बोलायला त्यांना दुभाष्याची गरज पडत नसे.

दोन युद्धांच्या मधला काळ बढतीच्या दृष्टीने कोरडा होता. १९२६ मध्ये क्वेट्याच्या स्टाफ कॉलेजात शिक्षण, मग दिल्लीच्या मुख्यालयात काम, त्यानंतर इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजात अध्यापन. घरखर्चाला हातभार म्हणून ते ‘अँथनी मिल्स’ या टोपणनावाने मासिकांत कथा लिहीत. ‘स्लिम’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली, की ‘मिल्स’ होते, एवढीच त्यातली गंमत. १९३८ साली, वयाच्या छेचाळिसाव्या वर्षी, त्यांना एका गुरखा पलटणीचे नेतृत्व मिळाले. हे वय बऱ्याच अधिकाऱ्यांचे निवृत्तीची भाषा करण्याचे असते.

इथे त्यांच्या कारकिर्दीचा धागा आपल्या मुलखाला येऊन भिडतो. १९३९ मध्ये स्लिम यांची नेमणूक बेळगावला झाली. तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यांना पलटण चालवण्याचे शिक्षण देणारी ‘सीनियर ऑफिसर्स स्कूल’ होती, तिचे ते प्रमुख झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रही बेळगावातच. महायुद्ध सुरू होईपर्यंत स्लिम यांच्या हातात असलेले मोठ्यात मोठे काम म्हणजे ही एक शाळा होती. नकाशावर नाव गाजावे असे त्यांच्या हातून तोवर काही घडले नव्हते.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांच्याकडे एक ब्रिगेड आली. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदानच्या सीमेवर गल्लाबत येथे त्यांनी इटालियन फौजेवर हल्ला केला. किल्ला हाती आला, पण रणगाडे नादुरुस्त झाले, शत्रूच्या विमानांनी झोडपले आणि एका पलटणीत गोंधळ उडाला. पुढे चाल करायची की मागे सरायचे, असा प्रश्न आला तेव्हा स्लिम यांनी मागे सरण्याचा निर्णय घेतला. पुढे या लढाईबद्दल लिहिताना त्यांनी सबबी पुढे केल्या नाहीत. अपयशाचे कारण मी स्वतः आहे, दोन मार्गांपैकी धाडसाचा मार्ग घ्यायचा होता तेव्हा मी भीतीचा सल्ला ऐकला, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. सेनापतींच्या आत्मचरित्रांत असा परिच्छेद क्वचितच सापडतो.

खरी परीक्षा १९४२ मध्ये आली. जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसले होते. फेब्रुवारीत सितांग नदीवरचा पूल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उडवून देण्यात आला, तेव्हा आपल्याच सतराव्या भारतीय डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या तीरावर अडकला होता. मार्चमध्ये रंगून पडले. त्यानंतर काही दिवसांनी स्लिम यांना तिथे पाठवून उरल्यासुरल्या फौजेची सूत्रे देण्यात आली. ही फौज वाचवून बाहेर काढणे एवढेच काम उरले होते. सुमारे ९०० मैलांची ती माघार ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातील सर्वांत लांब माघार मानली जाते. वाटेत येनांजाउंगच्या तेलविहिरी आपल्याच हातांनी पेटवून द्याव्या लागल्या. त्याच काळात ब्रह्मदेशात पोटासाठी गेलेले लाखो भारतीय निर्वासित जंगलवाटांनी मायदेशी निघाले होते. त्यांतले हजारो भूक, पटकी आणि हिवतापाने वाटेतच गेले.

मे महिन्यात पाऊस सुरू होता होता फौज इंफाळला पोचली. अंगावर चिंध्या होत्या, गाल बसले होते, पण हातातली शस्त्रे त्यांनी टाकलेली नव्हती. मागच्या तळावरच्या लोकांनी मात्र त्यांना पळपुट्यांसारखी वागणूक दिली. डोक्यावर छप्पर नाही, अंगावर टाकायला पांघरूण नाही. स्लिम यांच्या मनाला ते फार लागले. हरलेल्याला आधी धीर द्यायचा, मग चूक दाखवायची, हा क्रम आपल्या गुरुजनांना नव्याने सांगायला नको.

त्यानंतरचे वर्षही वाईटच गेले. १९४३ च्या सुरुवातीला आराकान किनाऱ्यावरचा हल्ला फसला. त्यांचे वरिष्ठ जनरल अर्विन यांनी स्लिम यांनाच घरी पाठवण्याची तयारी केली होती. प्रत्यक्षात वरून हुकूम आला तो अर्विन यांना हटवण्याचा! ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्वेकडील फौजेचे ‘चौदावी आर्मी’ असे नामकरण झाले आणि तिची जबाबदारी स्लिम यांच्याकडे आली. तिच्यात इंग्रज, गुरखे, आफ्रिकी सारे होते. सर्वांत जास्त होते भारतीय जवान. युरोपातल्या युद्धाच्या बातम्यांपुढे या आघाडीची दखल कोणी घेत नसे. जवान स्वतःला ‘विसरलेली फौज’ म्हणत.

स्लिम यांनी आधी शत्रूकडे न पाहता आपल्याच हजेरीपटाकडे पाहिले. १९४३ मध्ये एक जखमी जवान मागे आणावा लागे, तेव्हा आजारी पडून मागे आणावे लागणारे असत १२०. हिवताप हा जपान्यांपेक्षा मोठा शत्रू होता. त्यावर मेपाक्रीनच्या गोळ्या होत्या, पण त्या घेतल्याने पुरुषत्व जाते अशी आवई उठली होती आणि जवान त्या गुपचूप फेकून देत. स्लिम यांनी अचानक पलटणींची तपासणी सुरू केली. ९५ टक्क्यांहून कमी जवानांच्या तपासणीत औषधाचा अंश सापडला, तर त्या पलटणीच्या प्रमुखालाच काढून टाकायचे. तीन प्रमुख घरी गेले, तेवढ्यात बाकीचे समजायचे ते समजले. शिक्षा गोळी टाळणाऱ्या जवानाला न होता त्याच्या साहेबाला झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आजाऱ्यांवर उपचारही शेकडो मैल मागे नेण्याऐवजी आघाडीजवळच होऊ लागले.

दुसरा प्रश्न रसदेचा. जंगलात रस्ते नव्हते, तेव्हा अन्न आणि दारूगोळा विमानातून टाकायचा. त्यासाठी रेशमी पॅराशूट हवीत आणि ती मिळत नव्हती. मग कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना गाठून तागाची पॅराशूट बनवून घेतली. नेहमीच्या पॅराशूटला २० पौंडांहून जास्त खर्च येई, तागाच्या पॅराशूटला जेमतेम १ पौंड. माणसाने उडी मारण्याजोगे ते नव्हते, पण तांदळाची गोणी खाली उतरवायला पुरेसे होते. पुढे ब्रह्मदेशात रस्ते बांधतानाही डांबरात भिजवलेले गोणपाट जमिनीवर अंथरून शंभरएक मैलांचा रस्ता चालता केला. आघाडीवर अर्ध्या शिध्याची पाळी आली, की आपल्या मुख्यालयालाही अर्धा शिधा लावायचा, असा त्यांचा नियम होता. कारकुनांच्याही पोटात भूक असली, की रसदेचे कागद भराभर हलतात!

तिसरा प्रश्न मनाचा होता. जपानी सैनिक जंगलात अजिंक्य आहे, ही भीती घर करून बसली होती. स्लिम यांनी आधी छोट्या गस्ती पाठवल्या. त्या काहीतरी जिंकून परत येत आणि ती गोष्ट छावणीभर होई. मग जपान्यांच्या एखाद्या लहानशा ठाण्यावर मुद्दाम कितीतरी पट मोठी तुकडी धाडली जाई. एवढ्याशा कामाला एवढी माणसे कशाला, अशी टीका झाली. पण गणिताला घाबरलेल्या मुलाला आधी सोपी गणिते सोडवायला देतात, तसाच हा प्रकार होता. आणखी एक धडा त्यांनी घोकून घेतला : शत्रू आपल्या मागे आला म्हणजे आपण वेढले गेलो असे समजून पळायचे नाही, जागा धरून बसायचे, विमानातून शिधा येईल आणि मग वेढ्यात सापडलेला तोच असेल. स्लिम दिवसाला तीन-तीन, चार-चार पलटणींसमोर जीपवर उभे राहून साध्या भाषेत बोलत. जवान त्यांना आपसात ‘अंकल बिल’ म्हणत.

मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या आर्मीने चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमावर चाल केली. स्लिम यांचा अंदाज दोन ठिकाणी चुकला. आपली पुढची डिव्हिजन मागे घ्यायला उशीर झाला आणि कोहिमावर शत्रू किती मोठ्या संख्येने येईल हेही त्यांनी कमी धरले. या दोन्ही चुका त्यांनी स्वतःच्या नावावर मांडल्या आहेत. त्या निस्तरल्या जवानांच्या चिकाटीने. सांगशाक या नागा टेकडीवरच्या खेड्यात एका पॅराशूट ब्रिगेडने पाच-सहा दिवस जपान्यांना रोखून धरले. तिच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. त्या थोड्या दिवसांत आराकानहून पाचवी भारतीय डिव्हिजन विमानांनी उचलून आणण्याचे काम सुरू झाले. कोहिमाला दीड हजारांच्या आसपास लढवय्यांनी एका संपूर्ण जपानी डिव्हिजनला दोन आठवडे तोंड दिले. २२ जून १९४४ रोजी कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला. तीन आठवड्यांच्या शिदोरीवर निघालेल्या जपानी फौजेतले सुमारे ३०,००० सैनिक या मोहिमेत मृत्यू पावले. त्यांतले कितीतरी भुकेने आणि रोगाने.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. याच मोहिमेत जपान्यांच्या बरोबर नेताजींची आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिल १९४४ रोजी मणिपूरमधील मोईरांग येथे तिने तिरंगा फडकवला. ‘चलो दिल्ली’ हे शब्द आपण शाळेत छाती फुगवून म्हटले आहेत. ते स्वप्न इंफाळला अडले आणि अडवणाऱ्या फौजेचे सेनापती स्लिम होते. आपल्या पुस्तकात त्यांनी आझाद हिंद सेनेबद्दल तुच्छतेने लिहिले आहे. स्वतःच्या पराभवाचा इतका प्रामाणिक हिशेब मांडणारा माणूस साम्राज्याबाहेर उभा राहून मात्र पाहू शकला नाही. शरण येणाऱ्या आझाद हिंद सैनिकांना आपल्या जवानांनी नीट वागवावे म्हणून हुकूम काढावे लागले, असेही तेच नोंदवतात. त्या एका वाक्यात किती वेदना आहे पाहा. दोन्हीकडे भारतीयच होते. एकाच मुलखातले लोक समोरासमोर होते. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले ब्रिटिश भारतीय लष्करातले अधिकारी. ते आझाद हिंद सेनेत वरिष्ठ पदावर गेले आणि नेताजींच्या हंगामी सरकारात मंत्री झाले. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात उपमंत्री होते आणि शाळकरी मुलांसाठीची राष्ट्रीय शिस्त योजना त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. आपल्या ज्येष्ठ गुरुजनांना ती आठवत असेल.

म्हणून स्लिम आपल्या बाजूचे होते का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. ते साम्राज्याचे चाकर होते. पण सांगशाकला खंदकात बसलेला मराठी जवान आपला होता आणि त्याच्या पोटात अन्न, अंगात औषध आणि मनात हिंमत असावी म्हणून ज्याने जिवाचे रान केले, त्याची नोंद घेणे ही कृतघ्नतेपेक्षा बरी गोष्ट आहे. झेंडा कोणाचा आणि माणूस कसा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवता आले पाहिजेत. इतिहासाच्या तासाला आपण दुसरे काय शिकलो?

१५ डिसेंबर १९४४ रोजी इंफाळला व्हाइसरॉय वेव्हेल यांनी स्लिम यांना आणि त्यांच्या तीन सेनानींना ‘सर’ हा किताब दिला. पुढच्या वर्षी स्लिम यांनी आपली सर्वांत नावाजलेली चाल केली. मंडालेसमोर इरावती नदी ओलांडण्याचा गाजावाजा करायचा, एका कोअरचे खोटे मुख्यालय उभारून तिचे बिनतारी संदेश चालू ठेवायचे आणि ती खरी कोअर मात्र जंगलातून दक्षिणेला नेऊन शत्रूच्या रसदेचे केंद्र असलेले मेक्तिला गाठायचे. मार्च १९४५ च्या पहिल्या दिवसांत मेक्तिला पडले, २० मार्चला मंडाले, मेच्या सुरुवातीला रंगून. मेक्तिला घेणारी डिव्हिजन होती सतरावी भारतीय. सितांगच्या पुलापाशी जिची दाणादाण उडाली होती तीच! स्लिम यांनी तिला मोडून टाकले नव्हते, नाव बदलले नव्हते, तिच्या जागी दुसरी ‘हुशार’ तुकडी मागितली नव्हती.

विजयानंतरही सरळ वाट नव्हती. रंगून घेतल्यावर काही दिवसांतच जनरल लीस यांनी स्लिम यांना चौदाव्या आर्मीवरून बाजूला करण्याचा घाट घातला. फौजेत संतापाची लाट उसळली, निर्णय मागे घेतला गेला आणि अखेर लीस यांनाच जावे लागले. १९४८ मध्ये स्लिम निवृत्त होऊन ब्रिटिश रेल्वेच्या कारभारात गेले होते. तेव्हा पंतप्रधान ॲटली यांनी त्यांना लष्करप्रमुखपदासाठी परत बोलावले. आधीचे प्रमुख माँटगोमेरी यांनी हे पद तुमचे, असे दुसऱ्याच एका जनरलला सांगूनही टाकले होते. ॲटलींनी त्यांना, ‘मग सांगितलेले परत घ्या’ अशा अर्थाचे उत्तर दिले. भारतीय सैन्यातून आलेला अधिकारी ब्रिटिश लष्कराच्या सर्वोच्च पदावर बसण्याची ही पहिलीच वेळ. जानेवारी १९४९ मध्ये ते फील्ड मार्शल झाले आणि १९५३ ते १९६० या काळात ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर-जनरल होते.

या अखेरच्या पर्वाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, ऑस्ट्रेलियातील मोलाँगच्या फेअरब्रिज शाळेत वाढलेल्या काही जणांनी, स्लिम यांनी लहानपणी आपल्याशी गैरवर्तन केल्याचे आरोप केले. कॅनबेरातील त्यांच्या नावाच्या रस्त्याचे नावही पुढे बदलण्यात आले. आरोपांना उत्तर द्यायला ते हयात नव्हते आणि न्यायालयात त्यांची तड लागलेली नाही. पण शाळेच्या स्मरणिकेत एखाद्या माणसाला मास्तर म्हणायचे आणि मुलांनी केलेली तक्रार गाळायची, हे मला पटत नाही.

१४ डिसेंबर १९७० रोजी लंडनमध्ये स्लिम यांचे निधन झाले. ब्रह्मदेशच्या मोहिमेवरील त्यांचे ‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’ हे पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आजही आवर्जून वाचले जाते. शीर्षकात ‘पराभव’ हा शब्द आधी येतो आणि पुस्तकातही पराभवाला विजयाइतकीच मोकळी जागा आहे.

मित्रहो, आपल्या वर्गातही पहिल्या बाकावरचे होते आणि शेवटच्या बाकावरचे होते. दहावीचा निकाल लागला तेव्हा काही जण हसत घरी गेले, काही जण मागच्या दाराने गेले. त्यांच्यातल्या कोणाला पुन्हा परीक्षेला बसवायला घरी गेलेले शिक्षक आपल्याला लाभले होते. स्लिम यांच्या साऱ्या पदव्या बाजूला ठेवल्या, तर उरते ते एवढेच : हरलेल्यांच्या रांगेत आपले नाव पहिले लिहायचे, आणि त्याच विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तोच धडा उघडायचा. हे काम करणाऱ्या आपल्या सर्व गुरुजनांना हा लेख आदरपूर्वक अर्पण.